लोकरीचं आसन

"घर में किसी को आँतों का कैंसर था क्या?" असं त्या पोरगेल्या डॉक्टरनं विचारलं, तेव्हा शरयूनं ताठ बसून "नाही" म्हणून सांगितलं होतं. "पिताजी कैसे गए?" त्यानं लिहिता लिहिता पुढचा प्रश्न केला. "व्रत-उपवास करते करते. एकादशी के दिन," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तिच्या आवाजाला थोडा तोरा आला. हे वाक्य तिनं आजवर किती जणांना ऐकवलं असेल, आणि ऐकणारा दर वेळी हात जोडायचा. डॉक्टरनं हात जोडले नाहीत. त्यानं लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं, काही तरी विचारावं की नाही असं जरा घुटमळला आणि मग तपासणीच्या आदल्या दिवशी काय खायचं नाही ते सांगायला लागला. झालं एवढंच. पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेलेल्या बाईला माणसाच्या गप्प राहण्याचे प्रकार कळतात. लाइन तुटल्यावरची शांतता वेगळी आणि पलीकडचा माणूस शब्द गिळतो तेव्हाची वेगळी. डॉक्टरनं काही तरी गिळलं होतं. स्टेशनाकडच्या, पडावाजवळच्या त्या हॉस्पिटलातून घरी येईपर्यंत, आणि त्यानंतरही, ते तिच्या कानात अडकून बसलं होतं.

आज तो आदला दिवस उजाडला होता. गेले काही दिवस गरिमानं, म्हणजे सुनेनं, तिला सालं नाहीत, बिया नाहीत, असा पांढरा फटक भात खाऊ घातला होता. आज तेही बंद. नियम मात्र सोपा होता आणि शरयूला तो मनापासून आवडला होता: ग्लासातून पलीकडचं दिसलं पाहिजे. पलीकडचं दिसतं ते प्यायचं, दिसत नाही ते नाही. त्यामुळे नारळपाणी चालेल, गाळलेलं वरणाचं पाणी चालेल, बिनदुधाचा चहा चालेल. लाल रंगाचं काही चालणार नाही, कारण आत गेलेला कॅमेरा त्यानं फसतो. "आई, दूध बिल्कुल नहीं हां," गरिमानं सकाळीच बजावलं आणि चहाचा कप उजेडात धरून स्वतः तपासला. मुलगा पुष्कर कामासाठी पुण्याला गेलेला, त्यामुळे घरात या दोघीच. गरिमा आतल्या खोलीत लॅपटॉपवर कुणाशी तरी इंग्रजीत भांडत होती आणि मधेच डोकावून "आई, पाणी प्यायलात?" असं तिच्या त्या कमावलेल्या मराठीत विचारत होती. शरयूला हसू येत होतं. साबुदाणा न चालणारा उपास तिनं जन्मात पाहिला नव्हता.

तिच्या लहानपणी उपास म्हणजे चंगळ. गोरखी वाड्याच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि गच्ची होती. एकादशीला सकाळी दाणे भाजल्याचा वास जिन्यापर्यंत यायचा. आई भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचे काप असं करत सुटायची आणि बाबा पाट सरकवून म्हणायचे, "एकादशी पंधरवड्यातून एकदाच का येते, याचा शास्त्रकारांनी फेरविचार करायला हवा." बाबा, म्हणजे पांडुरंगराव, गोरखीतल्या शाळेत संस्कृत शिकवायचे आणि चार घरच्या पूजा सांगायचे, पण शहराच्या लष्कर भागात त्यांची ख्याती जेवणारा माणूस म्हणूनच जास्त. पंगतीत वाढपी त्यांच्यापुढे आला की थांबूनच राहायचा. रविवारी सकाळी ते खासगी बाजार नावाच्या पेठेतून पुडक्यात गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, आणि बटाट्याची रस्सेदार भाजी आणायचे, आणि पुडक्याचं तेल धोतराला लागलं म्हणून आईची बोलणी खायचे. संध्याकाळी दोन्ही मुलींना घेऊन पायी पायी पडावापर्यंत, स्टेशनावर. गाडी कुठली पकडायची नसायची. मुंबईकडून येणारी गाडी थांबली की ते खिडक्यांजवळून हळूहळू चालत जायचे, या हिंदी मुलखात नुसतं कानावर मराठी पडावं म्हणून. "ऐका, ऐका," ते मुलींना म्हणायचे, "ही नाशकाकडची बाई दिसते." गाडी गेली की त्यांना एकदम भूक लागायची. थंडीत मग तीळगुळाची कुरकुरीत गजक. वाटेतच संपवायची, आईला सांगायचं नाही, आणि थोरल्या सुधाताईच्या फ्रॉकवर तीळ सांडलेले असायचे म्हणून आईला न सांगताही कळायचं. शरयूला आज दुपारी, तोंडात नारळपाण्याचा तो गुळचट फिकेपणा घोळवताना, त्या गजकेचा तुकडा दाताखाली मोडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला आणि तिला बाबांची इतकी आठवण आली की तिनं ग्लास खाली ठेवला.

असा माणूस बदलला म्हणून तर लोकांना त्याचं एवढं अप्रूप. ती नुकतीच एक्स्चेंजमध्ये लागली होती, सुधाताईचं लग्न होऊन ती खासगी बाजारात सासरी गेली होती, तेव्हाची गोष्ट. चातुर्मासात काही तरी सोडायचं असतं, तशी बाबांनी आधी मिरची सोडली. मग तळलेलं सोडलं. चातुर्मास संपला तरी त्यांनी सोडलेलं परत धरलं नाही. उलट पोळी सोडली, रात्रीचं जेवण सोडलं, गुरुवार धरला, सोमवार धरला, प्रदोष धरला. आईला आधी काळजी वाटली, मग अभिमान वाटायला लागला. "जिभेवर ताबा आला हो यांचा," ती बायकांना सांगायची. त्याच सुमाराला बाबांनी सोवळं कडक केलं. आपलं धोतर कुणाला हात लावू द्यायचं नाही, पहाटे उठून आपणच धुवायचं, गच्चीवरच्या कोपऱ्यात बांधलेल्या वेगळ्या दांडीवर काठीनं वाळत टाकायचं. कुणाकडे गेले तरी सतरंजीवर, खुर्चीवर बसायचं नाही. पिशवीत त्यांचं लाल लोकरीचं आसन असायचं, ते अंथरून त्यावर बसायचं आणि उठताना स्वतः घडी घालून पिशवीत ठेवायचं. लोकरीला विटाळ नसतो, त्यामुळे आसन कधी धुवायला लागत नाही, हे त्यांनीच सांगितलेलं. गाल आत गेले, डोळे मोठे दिसायला लागले आणि लोक म्हणायला लागले, पंडितजींच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय. अंगठी बोटातून गळायला लागली तेव्हा आईनं तिला आतून पिवळा दोरा गुंडाळून दिला. महाशिवरात्रीला जिन्यात रांग लागली होती पाया पडायला. आणि मग एकादशीला, पहाटे, धोतर वाळत टाकून आल्यावर ते जे आडवे झाले ते उठलेच नाहीत. केवढं भाग्य, असं सगळे म्हणाले. शरयूही म्हणाली. वडील गेल्याच्या दुःखावर या अभिमानाचा हात फिरत राहिला आणि त्यानं तिला बरंच सोपं गेलं, हे खरंच होतं.

चार वाजता गरिमानं पोट साफ करायची पावडर आणली, मोठ्या भांड्यात पाण्यात कालवली, आणि पहिला ग्लास तिच्या हातात दिला. "थोडं थोडं प्या, एकदम से मत पीजिए. नाक बंद करके." चव खारट, त्यावर लिंबाचा खोटा वास, त्यामागे काहीतरी गोडसर बुळबुळीत. शरयूनं डोळे मिटून ग्लास रिकामा केला आणि सुनेकडे पाहिलं. ही भिंडकडची पोर घरात आली तेव्हा तिला वरण-भाताचं वरण पातळ लागायचं आणि बोलणं भांडल्यासारखं असायचं. शरयूनं तिच्याबद्दल सुधाताईजवळ बरीच कुरकुर केली होती. आणि आज आपण या खुर्चीत बसलोय ते हिच्यामुळे. होळीपासून शरयूला रक्त दिसत होतं. कुणाला सांगणार आणि कसं सांगणार? कामवाली यायच्या आत ती आपला परकर बाथरूममध्ये धुऊन टाकायची आणि आतल्या बाल्कनीत टॉवेलमागे वाळत घालायची. एक दिवस गरिमा तिथं येऊन उभी राहिली. "आई, बाई है ना, तुम्ही का धुता?" शरयू म्हणाली, "सोवळं असतं माझं." शब्द विचार न करता आला, तोंडात तयारच होता. मराठी सून असती तर तिथंच गप्प बसली असती, कदाचित मनातून तिनं सासूला मानलं असतं. गरिमाला सोवळं म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तिनं ओल्या परकराकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि सरळ विचारलं, "खून आता है क्या?"

या प्रश्नानं तेव्हा शरयूचे कान तापले होते. त्या घरात, त्या गल्लीत, कुणी कुणाला असलं विचारलं नसतं. आता दुसरा ग्लास, तिसरा ग्लास, आणि पोटात ढग सरकावेत तशी गुरगुर सुरू झाली. मग एकदाची ती बाथरूममध्ये गेली ते बराच वेळ तिथंच. जाऊन येऊन, जाऊन येऊन पायांत गोळे आले. शेवटी तर नुसतं पाणी. त्यात पुन्हा ती लाल रेघ दिसली. घाम आला म्हणून ती पालथ्या बादलीवर टेकली, आणि समोर नळाखाली तिचा स्वतःचा परकर पडलेला होता, सकाळी धुतलेला, पिळलेला. ती बघत राहिली. "सोवळं असतं माझं." कुणाचं वाक्य होतं ते? तिनं आयुष्यात कधी सोवळं पाळलं नव्हतं. एक्स्चेंजच्या कँटीनमध्ये सगळ्यांच्या डब्यातलं खाणारी बाई. तिच्या तोंडात तो शब्द कुणी ठेवला होता? पहाटेची गच्ची, थंडीनं लाल झालेली बाबांची बोटं, धोतर पिळताना ते पाठ करून उभे असायचे, आणि एकदा ती चुकून वर गेली तेव्हा ते केवढ्यानं ओरडले होते: "खाली जा! शिवशील!" कधी न ओरडणारा माणूस. ती खाली पळाली होती आणि आईनं समजावलं होतं की सोवळ्यात असलेल्या माणसाला असं शिवायला जाऊ नये. बादलीवर बसल्या बसल्या शरयूला त्यांचं ते ओरडणं नव्यानं ऐकू आलं. दुसऱ्याच्या आवाजातून सगळं ओळखणारी बाई ती; "हॅलो" म्हणताना कोण रडून आलंय ते तिला कळायचं. आणि बाबांच्या त्या आवाजात राग नव्हता, भीती होती, हे कळायला तिला म्हातारं व्हावं लागलं. त्यांनी मिरची सोडली नव्हती, ती त्यांना सोसत नव्हती. पोळी सोडली नव्हती. भूक सोडून गेली होती. सगळं घर त्यांच्या पाया पडत होतं आणि ते एकटे पहाटे रक्त धूत होते. शरयूला रडू आलं, आणि ते दाबायचं कारणही नव्हतं, नळ चालू होता.

दारावरची बेल वाजली, मग बाहेर सुधाताईचा आवाज. खासगी बाजारातून ई-रिक्षानं आली असणार. शरयू तोंड धुऊन, भिंतीचा आधार घेत बाहेर आली.

"काय गं शरू, सकाळपासून उपाशी बसून राहिलीस म्हणे?" सुधाताई म्हणाली. "देवासाठी कधी एक सोमवार धरला नाहीस, आणि मशीनसाठी बघा कशी व्रतस्थ झालीय!"

"पाणी पिऊन पिऊन पोट तडकायला आलंय. बस तू."

"मावशीजी, बैठिए ना," गरिमानं खुर्ची पुढे केली. "चाय?"

"नको गं बेटा, माझा गुरुवार आहे. आणि खुर्ची राहू दे." सुधाताईनं खांद्यावरची पिशवी उघडली. त्यातून लाल लोकरीची घडी काढली, दिवाणावर नीट अंथरली, हातानं सारखी केली आणि मग त्यावर बसली. "आजकाल मी दुसऱ्याकडे अशीच नाही बसत. थोडं सोवळं पाळून राहिलेय. बाबांसारखं नाही जमत बाई, पण जेवढं होतं तेवढं."

शरयू उभी होती ती उभीच राहिली. सहा महिन्यांत ताईचा ब्लाऊज खांद्यावर एवढा सैल कधी झाला? बाहीला सेफ्टी पिन होती. बांगड्या मनगटावरून घसरू नयेत म्हणून पुढं एक रबर अडकवलं होतं. शरयूला हे सगळं पूर्वीही दिसलं असलं पाहिजे. परवा हळदीकुंकवाला ती स्वतःच कुणाला तरी म्हणाली होती की ताई बघा किती हलकी झाली, उपासानं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"सोवळं."

"झाले की दिवाळीपासून. एकादशी तर होतीच, मग गुरुवार धरला, आता सोमवार. खरं सांगू, मला तर आजकाल भूकच नाही लागत. देवच करवून घेतो." सुधाताई हसली. "साड्या पण माझ्या मीच धुते. सुनेला हात नाही लावू देत. वरच्या खोलीत दांडी बांधून घेतलीय. ती म्हणते, आई, कशाला एवढं करता. पण गल्लीतल्या बायका येऊन विचारतात गं, सुधाताई, काय तेज आलंय चेहऱ्यावर, काय करता."

शरयू दिवाणापाशी गेली आणि ताईसमोर जमिनीवर बसली. काय विचारायचं ते तिला माहीत होतं, पण त्या प्रश्नाचे मराठी शब्द तिच्यापाशी नव्हते. आईजवळ नव्हते, बाबांजवळ नव्हते, या दोघी बहिणींनी कधी एकमेकींपुढे उच्चारले नव्हते. शेवटी तिनं सुनेचंच वाक्य घेतलं.

"ताई, खून आता है क्या?"

सुधाताईचं हसू ओठांवर होतं तिथंच राहिलं. तिनं आधी गरिमाकडे पाहिलं, मग दाराकडे. हात नकळत मांडीखालच्या आसनाकडे गेला आणि त्याची कड तिनं दुमडून घेतली. लाइनवर कुणी तरी आहे आणि बोलत नाही, ती शांतता. शरयूनं ती तुटू दिली नाही.

"तुला कुणी सांगितलं?" सुधाताई म्हणाली.

कुणी सांगितलं म्हणून काय सांगणार? शरयूनं तिचे हात हातात घेतले. ते गार होते आणि रबर मनगटात रुतलं होतं. "बाबांनी," ती म्हणाली. "आत्ताच कळलं मला, मी आत बसले होते तेव्हा. बाबांना हेच होतं, ताई. उपास नव्हता तो."

"असं नको बोलू. एकादशीला गेले बाबा." सुधाताई म्हणाली. "मी रोज म्हणते देवाला, मला पण तसंच ने. शांत. कुणाला त्रास नाही, कुणाला काही करायला नको."

"शांत नाही गेले. एकटे गेले. आपण दोघी होतो, आई होती, आणि ते एकटे गेले. मला नाही तुला तसं जाऊ द्यायचं." आणि मग ती सुनेकडे वळली. "गरिमा, फोन लाव त्या डॉक्टरला. सांग, मी चुकीचं सांगितलं होतं. घरात होतं. पिताजी को था. आणि सुधाताईसाठी पण वेळ माग. लवकरातला."

गरिमा फोन घेऊन खिडकीपाशी गेली. सुधाताई मान खाली घालून बसली होती. "मला भीती वाटते गं, शरू," ती हळूच म्हणाली. लहानपणी स्टेशनावर इंजिन जवळ आलं की ती असंच म्हणायची आणि बाबांचं धोतर धरायची.

"मला पण वाटून राहिलीय," शरयू म्हणाली. "उद्या काय निघतंय माझं, कुणाला माहीत. ऊठ जरा."

"कशाला?"

"ऊठ. ते आसन दे मला."

"अगं, लोकर कुणी धुतं का? लोकरीला विटाळ नसतो."

"ताई, दे."

सुधाताई उठली, पण एकदम नाही. पदर मागून सारखा केला, आसनाची घडी घालायला गेली आणि तिचे हात थांबले. मग तिनं ते तसंच, न घडी घालता, बहिणीच्या हातात दिलं. शरयू बाथरूममध्ये गेली, बादली सरळ केली, नळ सोडला आणि आसन त्यात बुडवलं. पाणी लाल झालं. लोकरीचा रंग असेल, नाही तर दुसरं काही; तिनं बघितलं नाही. बादली ओतली, परत भरली. बाहेर गरिमा फोनवर "जी, दोनों बहनें" म्हणत होती. शरयूचा चौथा ग्लास टेबलावर तसाच राहिला होता. पाणी गुलाबी आलं, मग फिकं आलं. बादलीचा तळ दिसेपर्यंत ती पाणी बदलत राहिली. सुधाताई दाराशी येऊन उभी राहिली होती आणि तिनं शिवू नकोस म्हटलं नाही.